गोळ्यांची वहिवाट

माझ्या आतेबहिणीच्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी, प्लास्टिकचा एक खणांचा डबा असतो; सात वार आणि प्रत्येक वाराचे सकाळ, दुपार, रात्र असे तीन खण. दर रविवारी जेवणे आटोपली की ती चष्मा लावून बसते आणि कात्रीने पाकिटे कापून ते एकवीस खण भरते. गोळ्या तिच्या मुलाच्या. तो त्रेचाळीस वर्षांचा, जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या अक्षम आणि शब्दांनी दरिद्री. गेल्या दिवाळीत मी सहज विचारले, यातली कोणती कशासाठी? फिटची, झोपेची, पोट साफ होण्याची, अशा तीन तिने धडाधड सांगितल्या, दुपारच्या खणातल्या एकुलत्या गोळीपाशी मात्र ती अडली आणि म्हणाली, "ही कधीपासून चालूच आहे, दादा."

जमिनीच्या व्यवहारात ज्याला वहिवाट म्हणतात, तिचा हा औषधी अवतार होय. कोणी एकदा येऊन बसला, कोणी हरकत घेतली नाही, की पुढे काळच त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागतो. तुमच्याआमच्या शरीरात गोळीला अशी वहिवाट सहसा मिळत नाही, कारण तोंड कोरडे पडते, हात थरथरतो, दिवसभर गुंगी राहते, अशी तक्रार आपण गुदरतो. ज्याला तक्रार गुदरता येत नाही, त्याचे मौन मात्र संमती म्हणून दप्तरी दाखल होते.

ही वहिवाट कशी जमते, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. समजा, अशा एखाद्या माणसाची दाढ ठणकते. सांगता येत नाही, म्हणून तो भिंतीवर डोके आपटतो. 'अशा माणसांचे असेच असते' या समजुतीने तोंडात कोणी डोकावत नाही, आणि हॅलोपेरिडॉलसारखे शामक सुरू होते. त्याने अंग ताठते, हात कापतात, म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल येते. त्याने मलावरोध होतो, म्हणून रेचक येते. आणि तुंबलेल्या पोटाची कळ असह्य होऊन तो पुन्हा डोके आपटू लागला, की पहिल्या औषधाची मात्रा वाढते. यातील प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी सयुक्तिक असते. विपरीत असते ती त्यांची बेरीज, आणि बेरीज करण्याचे काम कोणाच्याच नेमणुकीत नसते. दाढ तर अद्याप ठणकतेच आहे.

हा प्रश्न ज्या देशाने आकड्यांनिशी तपासला, तो इंग्लंड. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये पीटर टायरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आक्रमक वर्तनासाठी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना औषधाचा अंशही नसलेली गोळी देण्यात आली होती. चार आठवड्यांनी आक्रमकता तिन्ही गटांत उतरली, पण सर्वांत अधिक उतरली ती निव्वळ पोकळ गोळी घेणाऱ्यांत. २०१५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशाच ३३,०१६ प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास छापला, तेव्हा मनोविकारविरोधी औषधे मिळालेल्यांपैकी ७१ टक्क्यांच्या नावे तीव्र मनोविकाराची नोंदच आढळली नाही. त्याच वर्षी तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याने अंदाज दिला की, बौद्धिक अक्षमता असलेले ३०,००० ते ३५,००० प्रौढ कोणत्याही एका दिवशी अशी औषधे वा नैराश्यावरील गोळ्या योग्य कारणावाचून घेत असतात. २०१६ मध्ये हा औषधांचा अतिरेक थांबवण्यासाठी 'स्टॉम्प' नावाची मोहीम निघाली ती यातून.

याचा अर्थ औषध हा शत्रू आहे, असा नव्हे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत अपस्माराचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक असते, आणि फिटची गोळी परस्पर व एकाएकी बंद करणे प्राणांशी खेळणे ठरेल. काहींना मनोविकारही खरोखरच असतो. शिवाय, ज्या आईने वीस वर्षे अखंड रात्र झोपून काढली नाही, तिला शामकाच्या नैतिकतेवर प्रवचन देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? पण हेही कबूल केले पाहिजे की, अशा वेळी गोळी एकजण गिळतो आणि आराम दुसऱ्याला पडतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. कायद्याने ओळखलेला हा भेद चिठ्ठीवर मात्र अनेकदा पुसला जातो.

म्हणून अशा प्रत्येक गोळीला मुदत हवी. ती कशासाठी सुरू केली, गुण आला हे कशावरून ठरवायचे आणि फेरतपासणी कोणत्या तारखेस, एवढा शेरा चिठ्ठीवर असावा. आणि मेंदूचे, मनाचे व पोटाचे डॉक्टर वेगवेगळे असतील, तर सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणारा एकजण मुक्रर असावा. सुरू करण्याला जसा धनी असतो, तसा थांबवण्यालाही असला पाहिजे.

माझ्या आतेबहिणीला असे एक डॉक्टर भेटले. त्यांनी दुपारची ती एकच गोळी हाती घेतली आणि मात्रा कणाकणाने उतरवत ती बंद करण्यास आठ महिने घेतले. मधले काही आठवडे कठीण गेले. एक ताट भिंतीवर आपटले, आणि तिचा धीर दोनदा सुटला. भाचा आता दुपारी झोपत नाही, टीव्हीवरून भांडतो. परवा गेलो तेव्हा डबा पाहिला. दुपारच्या सातही खणांत लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्याने स्वतः भरलेल्या. आणि एक वाजताच तो डबा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, आजचा वार कोणता ते विचारायला.