गाडी दिसते, जमीन दिसत नाही

मुळशी तालुक्यातल्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैलाचं, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचं अंतर काही सेकंदांत संपतं. त्यांच्या फोटोंत गाडी लख्ख असते, टायरखालचा धूरही सुरेख येतो. मागे मात्र हिरवट-करडा फराटा. तो फराटा म्हणजे सह्याद्री! कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की गाडी स्थिर दिसते आणि बाकीचं जग पुसलं जातं. कसब वाखाणण्यासारखंच, पण पन्नास वर्षांनी या फोटोंत मुळशी शोधायची कुठे?

जुने फोटो इथेच सरस ठरतात. पहिल्या महायुद्धाआधी फ्रान्समध्ये छायाचित्रकार लार्तिगने टिपलेली शर्यतीची गाडी पाहावी. तिचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि कडेचे प्रेक्षक मागे कललेत. शटरची फट कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हच्या काचेवरून सरकेपर्यंत चाक पुढे गेलं होतं, आणि कॅमेराही वळत होता. वेग सापडला तो या वाकडेपणात, आणि माणसं चौकटीत राहिली.

इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सचे फोटोही असेच बोलके आहेत. रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा होती, म्हणून ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्याच जमिनीवर हा मार्ग बांधला. १९०७ मध्ये तो खुला झाला. फेरा पावणेतीन मैलांचा, वळणावरची काँक्रीटची चढण जवळपास ३० फूट उंच. त्या भिंतीसारख्या चढणीवर गाडी कधी कधी मुंगीएवढी दिसते. तिथे योग्य तीच मंडळी येतात, उगाच गर्दी होत नाही, अशी जाहिरात असायची. कुणाला योग्य मानत होते, हे फोटोतल्या टोप्या आणि कोट पाहून कळतं. विजेत्यांच्या यादीतून ते कळलं नसतं.

शर्यतीच्या फोटोने तालुक्याचा इतिहास का वाहायचा, असं कुणी विचारील. दुसरीकडे कदाचित हा आग्रह धरला नसता. पण मुळशीत जमीन हाच शंभर वर्षांचा प्रश्न आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. तरीही मुंबईच्या विजेसाठी गावं पाण्याखाली गेली. त्याच वर्षांत ब्रुकलँड्सवर गाड्या फिरत होत्या आणि कॅमेरे त्या टिपत होते.

शिवाय शर्यतीची जागा पुष्कळदा दुसऱ्या कामाचीही असते. १९३९ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यती थांबल्या आणि युद्धात तिथे विमानांचे कारखाने वाढले. उलट युद्धातला विमानतळ असलेल्या सिल्व्हरस्टोनवर १९४८ पासून गाड्या धावू लागल्या. मद्रासजवळच्या शोलावरमलाही धावपट्टीवरच शर्यती व्हायच्या. ही अदलाबदल फोटोत उमटते ती पार्श्वभूमी शाबूत असेल तरच.

आपल्याकडे फोटोखाली गाडीचं मॉडेल, इंजिनाची ताकद आणि वेळ बिनचूक लिहितात. तारीख, धावपट्टीचं कोणतं टोक, मागचा डोंगर कोणता, कठड्याशी कोण उभं आहे, हेही लिहायला काय हरकत आहे? माझी सूचना साधी आहे: आयोजकांनी एका छायाचित्रकाराला दिवसभर गाड्यांकडे पाठ करून उभं करावं, आणि मानधन इतरांइतकंच द्यावं.