मैदानावरची पोरं, स्टँडमधले बाप

३० जुलै १९६६ रोजी वेम्ब्लीवर बॉबी मूरने इंग्लंडसाठी फुटबॉलचा विश्वचषक उंचावला, तेव्हा त्याच्या वृषणाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षंही झाली नव्हती. १९६४ च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, त्याचं एक वृषण काढावं लागलं होतं. बाहेर सांगितलं गेलं ते एवढंच, की जांघेत दुखापत झाली आहे. साऱ्या देशाने ज्याला डोक्यावर घेतलं, त्याचं हे दुखणं देशाला माहीतच नव्हतं. १९९३ मध्ये तो आतड्याच्या कर्करोगाने गेला, एक्कावन्नाव्या वर्षी. त्याची पत्नी स्टेफनी हिने त्याच्या नावाने संशोधनासाठी निधी उभारला, तोही त्याच्या मृत्यूनंतर.

मूरला मी भित्रा म्हणणार नाही. ज्याचं पोट शरीराच्या ताकदीवर चालतं, आणि ज्या अवयवाशी जगाने पुरुषपण बांधून ठेवलं आहे तोच आजारी पडतो, त्याने कोणापाशी बोलायचं? बरं, काळ बदलला म्हणून हे मौन सुटलं, असंही झालं नाही. नेदरलँड्सचे तेव्हाचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी एप्रिल २०२२ मध्ये टीव्हीवर सांगितलं, की आपल्याला प्रोस्टेटचा कर्करोग आहे. तोवर ते राष्ट्रीय संघाच्या शिबिरातून रात्री गुपचूप रुग्णालयात जाऊन उपचार घेत होते. खेळाडूंच्या खेळावर परिणाम होऊ नये, म्हणून त्यांनी त्यांना काही कळू दिलं नव्हतं. सत्तरीचा, कोणाचीही भीड न बाळगणारा हा माणूस!

त्याच वर्षी जुलैत बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबच्या सेबास्टियन आले या खेळाडूला वृषणात गाठ असल्याचं कळलं. त्याने आणि क्लबने ते लपवलं नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, केमोथेरपी झाली, आणि तो परतला तेव्हा त्याच्या बुटांवर कॅन्सरला उद्देशून कचकचीत शिवी लिहिलेली होती. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, नेमक्या जागतिक कर्करोग दिनी, त्याने डॉर्टमुंडसाठी पहिला गोल केला. वर्षभराने आफ्रिकी चषकाच्या अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टचा विजयी गोलही त्याचाच. हा आजार झालेला माणूस संपत नाही, हे विशीतल्या पोराला पटवायला याहून मोठा पुरावा कोणता?

पुरुषांना या आजारांबद्दल बोलतं करायला फुटबॉलच का, याचं उत्तर मला वयात दिसतं. वृषणाचा कर्करोग साधारण पंधरा ते पस्तीस-चाळीस या वयात गाठतो, म्हणजे मैदानावरच्यांना. प्रोस्टेटचा पन्नाशीनंतर, म्हणजे स्टँडमध्ये बसलेल्यांना. इंग्लंडमध्ये क्लबची निष्ठा बापाकडून मुलाकडे येते. प्रोस्टेटचा धोकाही तसाच येतो: बापाला किंवा भावाला हा आजार असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. पण बापाने तोंडच उघडलं नाही, तर मुलाला हे कळणार कसं? दोघं शेजारी बसून ओरडतात ती जागा बहुधा स्टँड हीच एक. म्हणूनच तिथल्या प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेने फुटबॉल लीगशी हात मिळवले, आणि कितीतरी प्रशिक्षकांच्या कोटावर तिचा बिल्ला दिसू लागला. तेव्हा टीव्हीवर शनिवारच्या सामन्यांचे निकाल सांगणारे जेफ स्टेलिंग २०१६ मध्ये हार्टलपूलहून वेम्ब्लीपर्यंत चालत गेले, दहा दिवसांत दहा मॅरेथॉनचं अंतर. वाटेत एकेका क्लबच्या मैदानावर थांबत त्यांनी संशोधनासाठी पैसा गोळा केला. मला मोलाचं वाटतं ते हे, की त्या थांब्यांवर अनोळखी पुरुष आपल्या लघवीच्या तक्रारीबद्दल एकमेकांशी बोलू शकत होते.

मात्र जागृती म्हणजे घबराट नव्हे. पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची साधी चाचणी आहे, पण आकडा वाढला म्हणजे कर्करोगच असं नसतं. प्रोस्टेटचे काही कर्करोग इतके संथ वाढतात, की त्यांच्यापेक्षा उपचारांचाच त्रास जास्त होतो: लघवीवरचा ताबा जातो, कामजीवन बिघडतं. म्हणून पन्नाशीनंतर डॉक्टरांशी सविस्तर बोलून मग चाचणीचं ठरवावं. घरात कोणाला हा आजार असेल, तर त्याआधीच. तरुणांसाठी गोष्ट सोपी आहे. महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ करताना वृषणं चाचपून पाहावीत. न दुखणारी गाठ, जडपणा किंवा एका बाजूची सूज जाणवली, तर लगेच दाखवावं. वेळेत सापडला, तर हा कर्करोग शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचा बरा होतो.

आपल्याकडेही कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे फुटबॉल सामने रंगतात, तेव्हा आजोबा, बाप आणि नातू एकाच तालमीसाठी घसा फोडतात. तालमींच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या हंगामात एका सामन्याच्या मध्यंतरात गावातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या हाती माइक द्या, आणि त्या दिवशीच्या तिकिटांचे पैसे एखाद्या गरजू रुग्णाच्या उपचाराला द्या.