बिनपाण्याचं वाटण

चाळिशी ओलांडली की माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर तब्येतीकडे. मी बँकेत कारकून. अध्यात्माला लागणारं वैराग्य माझ्यापाशी भरपूर आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या की ते आपोआप येतं. म्हणून मी तब्येतीकडे वळलो, आणि त्या वाटेवर मला नारळाचं लोणी भेटलं.

निमित्त मुलीचं. तिने दुकानातून एक बाटली आणली. आत पांढरंशुभ्र काहीतरी थिजलेलं. लेबलावर ‘कोकोनट बटर’. वजन दोनशे ग्रॅम, किंमत ४२० रुपये. आकडा पुरेसा बोलका होता. त्यातून मी मूळचा रत्नागिरीकडचा. नारळ विकत घेणं हाच आमच्याकडे कमीपणा; त्याच्या लोण्याला चारशेवीस रुपये मोजणं म्हणजे घराण्याला बट्टा.

“हे मी घरी करीन,” मी जाहीर केलं.

सौ.ने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली की असं पाहण्यात सगळं बोलून होतं.

कृती सोपी आहे. ओला नारळ चालत नाही. त्यात पाणी असतं, त्याची फक्त चटणी होते. खोबरं सुकं हवं. त्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक तेलच असतं. ते किसून मिक्सरमध्ये घालायचं आणि फिरवत राहायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आधी त्याचा भुगा होतो. मग तो भुगा भांड्याच्या कडांना जाऊन चिकटतो आणि पातं मध्ये एकटंच फिरत राहतं, सुट्टीच्या दिवशी चुकून कामावर आलेल्या शिपायासारखं. तो खरवडून पुन्हा खाली लोटायचा. मिक्सर तापला की थांबायचं, निवला की पुन्हा फिरवायचं. इथे माणसाचा धीर सुटतो. मन म्हणतं, ‘जन्मात होणार नाही.’ आणि एका फेरीला भुगा अचानक ओला दिसतो, मऊ होतो, आणि चक्क वाहायला लागतो! खोबऱ्यातलं तेल बाहेर येऊन खोबऱ्यालाच भिजवतं.

चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली हे लोणी थिजतं, वर पातळ होतं. थंडीत सुरीने कापावं लागतं आणि मे महिन्यात चमच्याने प्यावं लागतं.

झालेलं लोणी मी आईला चाखायला दिलं. तिने बोटाने चाटून पाहिलं. “लोणी कसलं रे? बिनपाण्याचं वाटण आहे हे.”

मी ते मनावर घेतलं नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वस्तूचं खरं नाव तिच्या किंमतीत असतं. कागद घेऊन हिशेब मांडला. अर्धा किलो खोबरं, १८० रुपये. वीज : साडेसातशे वॅटचा मिक्सर वीस मिनिटं, म्हणजे पाव युनिट, धरा दोन रुपये. आणि मजुरी. इथे मी पूर्ण प्रामाणिक राहिलो. माझे दोन तास गेले होते. त्यातला दीड तास मिक्सर निवण्याची वाट बघण्यात गेला, पण बँकही मला नुसतं बसण्याचे पैसे देतेच. पगाराच्या हिशेबाने तासाला ३०० धरले, म्हणजे ६००. एकूण ७८२. लोणी उतरलं साडेचारशे ग्रॅम. बाजारभावाने ९४५ रुपये. निव्वळ नफा १६३!

मी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. सौ.ने चष्मा लावून तो वाचला. स्टेट बँकेच्या ऑडिटरनेही इतक्या शांतपणे कुणाचा घात केला नसेल.

“वाट्यांची पाठ खरवडून खोबरं किसलं कोणी?”

“तू.”

“मिक्सरचं भांडं गरम पाण्याने तीनदा धुतलं कोणी? ओटा पुसला कोणी? फरशीवरून तुम्ही घसरणार होतात, ती?”

“तूच. तास गेला असेल तुझा.”

“मग तो कुठेय यात?”

मी पेन उचललं आणि तिथेच अडकलो. तो तास लिहायचा कोणत्या दराने? माझ्याच दराने लिहिला तर १६३ रुपयांचा नफा जाऊन १३७ रुपयांचा तोटा येत होता. भांडीवालीच्या दराने लिहिला तर नफा शिल्लक राहत होता, पण तो आकडा सौ.समोर उच्चारण्याइतका मी शूर नाही. आणि काहीच लिहिलं नाही, तर हिशेब उत्तम जुळत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जगातले सगळे उत्तम जुळलेले हिशेब बहुधा असेच जुळतात.

आम्हांला अर्थशास्त्रात पिगूसाहेबांचं एक कोडं होतं. त्यांनी १९२० साली म्हणून ठेवलं, की एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, हात तेच. फक्त पगार थांबला. कॉलेजात आम्ही या वाक्याला बाकं बडवली होती. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आज आठवत नाही.

सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. त्या ९७ मध्ये मिक्सर निवण्याची वाट बघणं धरलेलं असावं. या मिनिटांना भाव नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली, आगीत दगावलेल्या गृहिणींच्या घरकामाचं मोल दरमहा ३,००० रुपये धरलं होतं. म्हणजे बाईच्या कामाचा आकडा निघतो. फक्त तो निघायला बाई जावी लागते.

पण दुसरी बाजूही आहेच. उद्या सौ.ने वरणाला फोडणी देऊन बिल पुढे केलं तर ते वरण घशाखाली उतरेल का? मोजलं तर माया राहत नाही, आणि न मोजलं तर ती फुकट लाटल्यासारखं होतं. मग माणसाने करावं काय?

आई हे सगळं ऐकत होती. मी मनातल्या मनात तिचाही हिशेब मांडला. पंचेचाळीस वर्षं, रोज अर्धा तास, आधी पाट्यावर, मग मिक्सरवर : नुसतं वाटणच ८,२०० तासांच्या वर. बँकेच्या हिशेबाने जवळजवळ पावणेचार वर्षांची नोकरी, बिनपगारी. मी भीतभीत आकडा सांगितला.

ती हसली. “पैसे दिले असतेत तर एवढं बारीक कोण वाटणार होतं?”

मला हायसं वाटलं. कागदाची घडी घालून मी खिशात ठेवणार, इतक्यात ती म्हणाली, “एकदा कुणी विचारायला हवं होतं मात्र. हात भरून आला का गं म्हणून.”

आमच्या बँकेत एक रीत आहे. साधं कर्ज तीन वर्षं तसंच पडून राहिलं तर मुदतबाह्य होतं. कोर्टात वसूल करता येत नाही. म्हणून मुदत संपायच्या आत कर्जदाराकडून ‘हे देणं मला मान्य आहे’ असं लिहून सही घेतात. एक पैसाही वळता होत नाही, पण त्या सहीने कर्ज पुन्हा जिवंत राहतं. वीस वर्षं मी लोकांच्या अशा सह्या घेतोय. नोंद करणं म्हणजे पैसे चुकते करणं नव्हे, देणं मान्य करणं, हे मला घरात कधी सुचलं नाही. आईचं देणं फिटणारं नाही, सौ.चंही नाही. पण त्यावर माझी सही तरी हवी होती.

तेव्हापासून दर रविवारी मिक्सरचं भांडं मी धुतो. ही परतफेड नव्हे, तीन वर्षांच्या आतली सही. परवा धुतलेलं भांडं मी मोठ्या दिमाखाने पालथं घातलं. सौ.ने ते उचललं, उजेडात धरलं, आणि परत माझ्या हातात दिलं.

“पात्याखाली राहिलंय,” ती म्हणाली.