‘माझ्याने होणार नाही’

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात एखादा तरी शिक्षक किंवा शिक्षिका असेल. तेव्हा हा प्रश्न आपणांस परका वाटू नये. पहिलीच्या वर्गात असा एक मुलगा येतो, की जो पाच मिनिटे एका जागी बसत नाही, घंटा झाली की कानांवर हात दाबून किंचाळतो आणि शेजाऱ्याची वही ओढतो. बाई म्हणतात, ‘‘त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही हो, पण माझ्याने होणार नाही.’’ या उद्गाराची नैतिक किंमत काय? ही प्रामाणिक कबुली समजावी, की सभ्य शब्दांत दिलेला नकार?

१९९४ च्या जून महिन्यात स्पेनमधील सालामांका येथे ९२ सरकारांचे प्रतिनिधी जमले. विशेष गरजा असलेल्या मुलांनाही सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळाला पाहिजे, असे त्यांनी जाहीर केले. तत्त्व म्हणून हे शिक्षकांना अमान्य होते असे नाही. स्क्रग्ज व मास्ट्रोपिएरी या अमेरिकन अभ्यासकांनी १९९६ मध्ये आधीच्या २८ पाहण्या एकत्र तपासल्या; त्यांत १०,००० हून अधिक शिक्षकांची मते होती. सुमारे दोन तृतीयांश शिक्षकांनी कल्पनेला अनुकूलता दर्शविली. परंतु आपल्यापाशी पुरेसा वेळ, प्रशिक्षण वा साधने आहेत, असे म्हणणारे एक तृतीयांशाच्या वर गेले नाहीत. मन राजी आहे, हात मात्र कचरतात.

हे हात सर्वांत अधिक कचरतात ते वर्तनाच्या बाबतीत. अव्रामिडिस व नॉर्विच यांनी २००२ मध्ये अशा संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यातही हेच दिसते. शारीरिक वा इंद्रियांचे अपंगत्व असलेल्या मुलाला शिक्षक तुलनेने सहज सामावून घेतात. वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलापुढे ते माघार घेतात. कारण उघड आहे. चाकाच्या खुर्चीतील मुलगी शिक्षकाच्या अधिकाराला धक्का लावीत नाही. वर्ग उधळून लावणारा मुलगा मात्र, नेमके मुख्याध्यापक व्हरांड्यातून जात असता, बाईंची फजिती करतो. अशा वेळी प्रश्न मुलाचा थोडा आणि आपल्या प्रतिष्ठेचा फार असतो, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

एकच कृती दोन रीतींनी वाचता येते. किंचाळणे हा उर्मटपणा मानला, तर राग येतो व शिक्षा सुचते. तो कर्कश आवाज त्या मुलाला खरोखर असह्य होत असेल असे मानले, तर वेगळेच उपाय सुचू लागतात: घंटा होण्यापूर्वी त्याला मिनिटभर आधी सांगणे, घंटेपासून दूर बसविणे, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, एका वेळी एकच सूचना देणे. यांपैकी कशालाही फारसा खर्च येत नाही. मात्र एवढ्याने सारे सुरळीत होते असे सांगणे हा खोटा दिलासा ठरेल. काही दिवशी तो मुलगा इतरांना मारीलच, आणि त्या इतरांचे आईबाप दाराशी येतील. त्यांची तक्रार क्षुद्र मानू नये. त्यांच्या मुलांचेही शिक्षण बाईंच्याच हाती सोपविलेले असते.

तत्त्ववेत्ता कांट याच्या विचाराचा सारांश असा सांगतात, की कर्तव्य आहे म्हटले की ते करण्याची शक्यताही गृहीत धरली जाते. जे खरोखर अशक्य, ते कर्तव्य म्हणून कोणाच्या माथी मारता येत नाही. या न्यायाने पाहता साठ मुलांच्या वर्गात, कोणाच्याही मदतीवाचून, बाईंनी हे साधावे अशी अपेक्षा करणाऱ्यांचाच दोष ठरतो.

परंतु सामर्थ्य येते कोठून? घरे बांधता बांधताच मनुष्य गवंडी होतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाची जी मीमांसा केली, तिचाही रोख तोच आहे: स्वतः करून मिळालेले यश हा त्याचा सर्वांत बळकट आधार, दुसऱ्याला करताना पाहणे, कोणी धीर देणे, हे त्यामागून येतात. म्हणजे आत्मविश्वास येईपर्यंत मुलाला दाराबाहेर ठेवले, तर तो कधीच येणार नाही. ‘होणार नाही’ हे आज खरे असू शकते. ते उद्याही खरे राहावे अशी तजवीज करणे हा वेगळा प्रकार झाला, आणि तेथे शिक्षकाची जबाबदारी सुरू होते.

आपल्या संस्थांविषयी एक बाब येथे सांगितलीच पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. ही सूट काहींना ढालीसारखी वाटते. शिक्षा करण्याची मुभा मागण्यासाठी आपण अल्पसंख्याक झालो आहोत काय? शिवाय २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम सरकारने अनुदान वा मान्यता दिलेल्या शाळांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकतो. भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे तो सांगतो. २०२१ मध्ये न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले: प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक, त्यावरील वर्गांत १५ मागे एक.

आपण एखाद्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढील बैठकीत हे आकडे मांडून पाहा. असा एक तरी शिक्षक नेमला आहे काय, त्या बाईंना दुसऱ्या शाळेतला तसा वर्ग पाहावयास एक दिवस तरी मोकळा दिला काय, वर्ग उधळला त्या दिवशी त्यांना कोणी जाब विचारला की मदतीला कोणी गेले, हेही विचारा. ‘माझ्याने होणार नाही’ असे म्हणणाऱ्या बाईंना त्या बैठकीस अवश्य बोलवा.