आग्रह न करता वाढलेला घास

गोल्डफिश काचेपाशी येऊन तोंडाची उघडमीट करू लागला, म्हणजे तो उपाशीच आहे असं नाही. या माशाला जठर नसतं. गिळलेलं सरळ आतड्यात जातं आणि समोर येईल तितकं तो खात राहतो. आपल्याकडे पाहुण्याला आग्रहाने वाढतात, आणि पाहुणा ताटावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हणतो. माशाला तो हात नाही. म्हणून त्याचं ‘पुरे’ आपणच म्हणायचं.

शहरापासून दूर असलेल्या खकनारसारख्या गावात गोठवलेलं तयार खाद्य मागवावं, तर मे महिन्याच्या उन्हात ते वाटेतच वितळायचं. त्यापेक्षा घरी केलेलं बरं. सोललेले झिंगे, वाफवून साल काढलेले मटार, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, लसणाची एखादी पाकळी. मीठ, तेल, मसाला काहीही नको. मिक्सरमधून भरड काढायची आणि पाण्यात उकळलेलं अगर-अगर हाताला सोसेल इतकं गरम असतानाच त्यात कालवायचं, म्हणजे वडी टाकीत लगेच विस्कटत नाही. मग पिशवीत पोळीसारखा पातळ थर पसरून सुरीच्या पाठीने चौकोन आखायचे आणि पिशवी फ्रीजरमध्ये ठेवायची. पातळ थर झटकन गोठतो. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना सगळा रस पाण्यात उतरतो.

झिंग्यांऐवजी बाजारातला रोहू किंवा कटला चालेल. पण ते आणि गोल्डफिश एकाच कार्प कुळातले. या कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करतं. गोठवून त्याचा जोर जात नाही, शिजवून जातो. म्हणून मासा आधी वाफवायचा, काटे काढायचे, मगच वाटायचा.

थंडीने सगळं निर्धोक होतं, हा आपला भाबडा समज. फ्रीजर जंतूंना झोपवतो, मारत नाही. उन्हाळ्यात लाइट तासन्‌तास गेली आणि वड्या मऊ पडल्या, तर त्या पुन्हा गोठवू नयेत, टाकून द्याव्यात. अन्न टाकताना हात अडखळतो. संस्कारच तसा आहे आणि तो चांगलाही आहे. पण टाकीत तो माशाच्या जिवावर बेततो. मासा जेवतो त्याच पाण्यात श्वास घेतो. उरलेला घास कुजला की अमोनिया होतो, आणि कुजवणारे जंतू प्राणवायूही ओढून घेतात. तोही उन्हाळ्यात कमीच असतो: 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसात. मायेने टाकलेली जास्तीची वडी माशाचा श्वासच कोंडते.

तेव्हा सकाळी एकच चौकोन तोडा. वाटीभर टाकीच्या पाण्यात तो वितळू द्या, गाळून रस फेकून द्या आणि चिमटीने थोडं थोडं सोडा. दोन मिनिटं तिथेच उभे राहा. तळाशी काही उरलं तर जाळीने काढा आणि उद्याचा चौकोन लहान करा.