हन्नेचा लहान झगा

वचन : १ शमुवेल २:१९



शिलो येथे एली याजकाच्या हाताखाली सेवा करणाऱ्या बालक शमुवेलासाठी त्याची आई हन्ना दरवर्षी एक लहान झगा करून नेत असे, एवढीच गोष्ट ह्या वचनात आहे. शमुवेलाच्या ग्रंथात राजे, लढाया व राज्यांची उलथापालथ आहे. तरी त्यात ह्या झग्यास जागा मिळाली. आता विचार करा, मूल जवळ नसता तिने माप कशावरून घेतले असेल? वार्षिक यज्ञाच्या वेळी ती त्यास पाहत असे. मागील झगा त्याच्या अंगी कोठवर आला होता हे ध्यानी धरून, शेजारच्या मुलांच्या वाढीवरून अदमास बांधून, ती कापड बेतीत असेल. तिची प्रार्थना आपण वारंवार वाचतो. तिची सुई मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

यापो येथील टबीथा, जिला दुर्कस म्हणत, तिचेही तसेच. ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्रास तिचे गुणवर्णन ऐकवण्यापेक्षा तिने केलेली वस्त्रे दाखविली (प्रेषित ९:३९).

आपल्याकडे बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही शिवू नये, दृष्ट लागते, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. जिची लेकरे दगावली तिच्या भयाची थट्टा कोणी करू नये. परंतु त्या भयापायी पौषाच्या रात्री जन्मलेले लेकरू हाताला येईल त्या फडक्यात गुंडाळावे लागते, हे बरे नाही. त्याच्या जोडीची दुसरी चाल मात्र शहाणपणाची आहे : पहिले दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे करावे. शेकडो वेळा धुतलेले सूत नव्या खळीच्या कापडापेक्षा कोवळ्या कातडीस सुखकर असते. नवे कापड घेतलेच तर आधी धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवावे.

बाळ ओल्या अंगाने जगात येते व त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. डोके अंगाच्या मानाने मोठे, म्हणून टोपऱ्याचे महत्त्व. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम केले. त्याचा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. नुसत्या कापडाने हे झाले नाही. औषधोपचार व गावातल्याच शिकविलेल्या स्त्रियांची देखरेख होती. तरी बाळास उबदार राखणे हे त्या कामाचे एक मुख्य अंग होते. म्हणून बाळ गार पडले व दूध ओढीनासे झाले, तर त्यास आईच्या उराशी धरून तत्काळ दवाखान्यात न्यावे. दुपट्यावर भिस्त ठेवू नये.

शिवण फार लागत नाही. झबल्यास गुंडी नको, आखूड बंद असावेत. शिवणीची कड बाहेरच्या अंगास ठेवावी, म्हणजे ती अंगास घासत नाही. गाठी घट्ट माराव्या व लोंबता दोरा कापावा, कारण तो चिमुकल्या बोटाभोवती गुंडाळतो. कुंचीला आरसे व घुंगरू लावणाऱ्या भगिनींनी रागावू नये. ते बारशाला शोभते, निजविताना नव्हे. निजलेल्या बाळाच्या तोंडावर दुपटे कधीही ओढू नये.

आता जे बोलावयाचे ते कठीण आहे. यहेज्केल संदेष्टा सोळाव्या अध्यायात एका तान्ह्या बालिकेविषयी सांगतो. तिला कोणी न्हाऊ घातले नाही, बाळंत्यात गुंडाळले नाही, उघड्या रानात टाकून दिले. देवाने थांबून तिच्याकडे पाहिले. तो यरुशलेमेचा दृष्टांत आहे हे खरे, परंतु आपल्या बीड जिल्ह्याने तो नुसता दृष्टांत म्हणून वाचू नये. २०११ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रात इतका कमी आकडा दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याचा नव्हता. मुलगा झाला की आत्या अंगडे-टोपडे घेऊन निघते, आणि तिसरी मुलगी झाली की तीच आत्या कामाचे निमित्त सांगते. असे आपल्या मंडळीच्या घरांतही घडत असेल तर आपण उपदेश कोणास करावा? ज्या घरी मुलगी झाली व शेजारणी गप्प राहिल्या, त्या घरी प्रथम जावे, हाती शिवलेले काही घेऊन.

चौसाळ्याच्या आसपासच्या गावांतून पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडावयास जातात. त्यांत दिवस भरत आलेल्या भगिनी असतात, आणि थंडीतच कोपीत बाळंतपण होते. उपदेशकांनी त्यांची नावे आधीच विचारून ठेवावी. गाड्या निघण्यापूर्वी प्रत्येकीच्या गाठोड्यात दोन झबली, एक टोपरे व जुन्या लुगड्याचे चौपदरी दुपटे पडावे, आणि ते मुलगा की मुलगी हे कळण्याआधीच शिवलेले असावे.