पसंतीक्रम कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की डहाणू आणि तलासरी येथील झेरॉक्सच्या दुकानांपुढे आणि सायबर कॅफेंच्या दारांत मुलामुलींची गर्दी उसळते. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात एकाच संगणकीय पद्धतीने होऊ लागले. पूर्वी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता उधवा-झरीच्या मुलालाही त्याच दारातून आत जावे लागते. अर्जाच्या पहिल्या भागात नाव, गुण, जात, आरक्षण इत्यादी माहिती भरावयाची आणि दुसऱ्या भागात एकापासून दहापर्यंत महाविद्यालये आपल्या इच्छेच्या क्रमाने लिहावयाची. या दुसऱ्या भागाला ‘पसंतीक्रम’ असे गोड नाव आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढील नियमित फेऱ्यांचे दार बंद होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने केलेल्या एका क्रमवारीला एवढे वजन!

परंतु ती क्रमवारी खरोखर कोण करतो? कळफलकावर बोटे असतात दुकानदाराची, शेजारी उभे असतात एखादे शिक्षक, धर्मभगिनी किंवा धर्मग्रामातला पुढे शिकलेला दादा, आणि ज्याचे आयुष्य त्या पडद्यावर मांडले जात असते तो मुलगा मागे उभा राहून मान डोलावतो. येथेच आमच्या मते एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याला माहिती नाही त्याच्या वतीने, ज्याला माहिती आहे त्याने कोठपर्यंत निवड करावी?

‘मुलालाच विचारा, त्याला जे हवे ते करू द्या,’ हे उत्तर ऐकावयास उदात्त वाटते. तलासरी तालुक्यात दहा माणसांतली नऊ माणसे आदिवासी आहेत: वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. यांतील कितीतरी घरांत दहावीची पायरी प्रथमच कोणी तरी चढलेले असते. वडील चिकूच्या वाडीत रोजंदारीवर, नाही तर मच्छीमार बोटीवर खलाशी. दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांकडे स्थलांतर करतात. शास्त्र शाखेत जीवशास्त्र सोडले तर परिचारिकेच्या पदवीचा मार्ग बंद होतो, हे त्या घरात कोणी सांगावे? अशा मुलाला ‘तू स्वतंत्र आहेस’ असे म्हणून बाजूला होणे म्हणजे त्याला योगायोगाच्या हवाली करणे होय. मग तो मित्र जेथे जाईल तेथे जातो, किंवा एस.टी. जेथे थेट जाते तेथे. अज्ञानातून झालेली निवड ही निवडच नव्हे.

म्हणून मार्गदर्शन हवेच. प्रश्न त्याच्या मर्यादेचा आहे. संत थॉमस अक्विनस यांनी सुज्ञता या सद्गुणाचे विवेचन करताना तिची तीन कार्ये सांगितली आहेत: विचारविनिमय करणे, निर्णय घेणे आणि त्या निर्णयाप्रमाणे वागण्याची स्वतःला आज्ञा देणे. यांतील तिसरे कार्य त्यांनी मुख्य मानले. दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हाही त्यांनी सुज्ञतेचाच एक भाग मानला आहे. म्हणजे सल्ला घेण्यात कमीपणा नाही. पण सल्ला कितीही जणांचा असला तरी आज्ञा देणारा एकच असतो, आणि तो ज्याचे कृत्य त्याचाच असतो. दुकानातल्या त्या दृश्याला ही कसोटी लावून पाहावी. विचारविनिमय झाला काय? बहुधा नाही. निर्णय झाला, आज्ञाही झाली. पण दोन्ही दुसऱ्याच्या तोंडून.

या भूमीत ही गोष्ट अधिक काळजीने पाहावयास हवी, कारण येथील माणसाच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेण्याचा इतिहास फार जुना नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज घ्यावे आणि त्यापायी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या दारी राबावे, अशा ‘लग्नगड्यां’ची प्रथा येथे होती. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी एकत्र येऊन वेठबिगारीविरुद्ध जो लढा पुकारला, त्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. आज तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे. त्यांच्या राजकीय विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे जमणार नाही; पण लग्नगड्याची ती प्रथा समजून घेतली की एक गोष्ट ध्यानात येते. त्या माणसाचे श्रम गेले हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट गेली, ती म्हणजे उद्या आपण काय करावे हे ठरविण्याचा अधिकार.

आता कर्ज पैशाचे राहिलेले नाही. उपकाराचे कर्ज मात्र असू शकते. ज्या कुटुंबाने मुलीच्या वसतिगृहाचा खर्च उचलला, त्याला वाटते की तिने परिचारिकाच व्हावे. ज्या संस्थेने वह्या-पुस्तके दिली, तिला वाटते की मुलाने शिक्षक होऊन संस्थेतच परतावे. या इच्छा वाईट नाहीत. पण देणगी देताना त्या बोलून दाखविल्या जात नाहीत आणि पसंतीक्रम भरताना एकाएकी प्रकट होतात, तेव्हा त्या मुलापुढे ‘नाही’ म्हणण्याची वाटच उरत नाही. तालंतांच्या दाखल्यातला धनी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे तालंते दिली आणि तो परदेशी निघून गेला. कोणता व्यापार करा हे त्याने सांगितले नाही. त्याचे हे निघून जाणे आपल्या प्रवचनांत फारसे येत नाही.

‘शिकून परत ये आणि आपल्या पाड्याची सेवा कर,’ हे वाक्यही तपासून पाहण्यासारखे आहे. वसईच्या कुपारी घरातला मुलगा अभियंता होऊन आखातात किंवा कॅनडात गेला तर आपण पेढे वाटतो. गंजाडच्या वारली मुलाने पुण्यात नोकरी धरली तर मात्र ‘समाजाला विसरला’ असे म्हणतो. सेवेचे व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. गरिबाच्या मुलावर ते प्रवेशाच्या वेळीच लादणे आणि स्वतःच्या मुलाला त्यातून मोकळे ठेवणे हा न्याय नव्हे. जो स्वेच्छेने परततो त्याची थोरवी अशा सक्तीने उलट झाकली जाते.

याच्या अगदी उलट टोकालाही एक धोका आहे, आणि तो प्रेमाच्या वेषात येतो. ‘एवढ्या लांब पाठवू नका, पोरगी बावरेल, इंग्रजी झेपणार नाही, जवळच कला शाखेला घाला.’ यात अनुभवाचा अंश आहे हे मान्यच केले पाहिजे. घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी असे तीन डोंगर ही मुले चढतात. पहिल्याच वर्षी परत आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. तरीही ‘झेपणार नाही’ हे ठरवून माहितीच दडवून ठेवणे आणि अडचणी स्पष्ट सांगून दार उघडे ठेवणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बोर्डीला शास्त्र महाविद्यालय आहे, पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आहे. २०१३ पासून विरारची लोकल डहाणूपर्यंत येते. तलासरीला मात्र रेल्वे स्थानक नाही, तेव्हा तेथल्या मुलीने रोज जावे-यावे कसे, वसतिगृह कोठे मिळेल, शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत खर्च कोण करील, हे सारे तिला सांगावे. आदिवासी मुलांच्या शासकीय योजनांसाठी डहाणूलाच प्रकल्प कार्यालय आहे, हेही तिला ठाऊक असावे. मग ती घाबरली तरी ते भय तिचे स्वतःचे असेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे चारणारी मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. प्रवेशाच्या माहितीचेही तसेच करता येईल. ती निकालानंतर दुकानात भेटण्यापेक्षा नववीच्या वर्षीच पाड्यावर, आईवडील कामावरून परतल्यानंतरच्या वेळी, त्यांच्या बोलीत पोहोचावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या आपल्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले आहे. तेथे आईवडील साक्षर असण्याची अट घातलेली नाही. आपल्या मुलीचा धीर किती आणि तिचा हट्ट कोठला, हे अंगठा उठविणाऱ्या आईला आपल्या सर्व मार्गदर्शकांपेक्षा अधिक कळते. हमीपत्रावर तिचा अंगठा घेताना तिला मजकूर वाचून दाखविण्याइतका वेळ कोणी काढतो काय?

आता कागदपत्रांकडे वळू, कारण सत्याचा प्रश्न तेथे सर्वांत टोचतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागा हवी असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी १९५० पूर्वीची जुनी नोंद अत्यंत उपयोगी ठरते. पण ज्याचे आजोबा कधी शाळेच्या पायरीवरच चढले नाहीत त्याने त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणावा कोठून? खोट्या दाव्यांनी आदिवासींच्या जागा बळकावल्या जात होत्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली या तपासणीची कडक पद्धत घालून दिली. लबाडी दुसऱ्यांची आणि तिचा पुरावा गोळा करण्याचे ओझे खऱ्या वारल्याच्या खांद्यावर, असा हा प्रकार आहे. तपासणीत जमातीच्या रूढींविषयी विचारले जाते: लग्नातला देवचौक, पालघट, गाणी म्हणणारी धवलेरी. ही रूढींची चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले.

ख्रिस्ती वारली कुटुंबांत येथे एक कुजबूज ऐकू येते: धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले तर सवलत जाईल, तेव्हा वेगळे काही लिहावे. अनुसूचित जातींसाठीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींसाठीच्या आदेशात ती नाही. ख्रिस्ती झाल्याने वारली माणूस वारली असण्याचे थांबत नाही. ही अट आणावी अशी मागणी अधूनमधून होते, हे खरे. आणि म्हणून भीतीही खरी आहे. पण भीतीपोटी जो मार्गदर्शक मुलाला सोळाव्या वर्षी आपल्या बाप्तिस्म्याविषयी गप्प राहावयास शिकवितो, तो कायद्याने न मागितलेली किंमत त्याच्याकडून वसूल करतो. शिवाय चर्चच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या नोंदवहीत दुसरे, असे झाले तर तपासणीच्या वेळी गुंता वाढतोच. आणि धवलेरीची गाणी माहीत असणे हे ख्रिस्ती श्रद्धेला बाधक आहे असे मानणाऱ्यांनी त्या मुलाची वाट विनाकारण दोन्ही बाजूंनी अरुंद केली आहे.

राहता राहिला शेवटचा प्रसंग. सारे समजावून सांगितले, मुलाने शांतपणे ऐकले, आणि तरीही त्याने आपल्याला चुकीचे वाटणारेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले. किंवा बारावीनंतर शिकावयाचेच नाही, उंबरगावच्या कारखान्यात जावयाचे, घरी धाकटी भावंडे आहेत, असे तो म्हणाला. अशा वेळी एकदा स्पष्ट शब्दांत आपले मत सांगावे, दुसऱ्यांदा विचारून त्याने ते ऐकले की नाही याची खात्री करावी आणि मग परवलीचा शब्द त्याच्या हाती देऊन त्यालाच बटण दाबू द्यावे. त्याचा निर्णय पटला नाही म्हणून पुढील फेरीची तारीख त्याला न कळविणे हा सूड झाला. जुन्या नोंदी शोधण्याचे काम तर कोणत्याही पसंतीवर अवलंबून नाही. चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र, आत्याचा शाळेचा दाखला, तलाठ्याकडचा जुना उतारा हे सारे निकालाची वाट न पाहता गोळा करता येते, आणि कारखान्यातून दोन वर्षांनी तो परत शिकावयास आला तर त्या वेळी ते त्याच्या पेटीत असले म्हणजे झाले.